अमारोने आणि बँकेतली मुलगी

अप्पा, माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मी धरलाय, आणि चांगला घट्ट धरलाय.

तुम्ही आणि आई सिंगापूरला आलात तेव्हा मी बँक सोडून वाइन आयात करणाऱ्या एका कंपनीत लागले होते. ऑफिस तिथेच रॅफल्स प्लेसला, जायची एमआरटी मेट्रोही तीच, फक्त काम मनासारखं. फोनवर सांगितलं होतं तेव्हा तुम्ही नुसतं "बरं" म्हणाला होतात. म्हणून क्लेमेंटी भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मी मुद्दाम अमारोनेची बाटली उघडली. इटलीची नावाजलेली लाल वाइन. तुम्ही थेंबही घेणार नव्हतात, ते ठाऊक होतं. मला फक्त ती कशी बनते ते सांगायचं होतं. तासगावात बेदाणा करण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते कळणार नाही तर कुणाला कळणार?

तुम्ही खुर्ची पुढे ओढता. मी सांगते, पिकलेले घड तोडले की लगेच चुरडत नाहीत, हवेशीर माळ्यावर पसरून तीन-चार महिने सुकवतात. "लवकर सुकायला डिपिंग ऑइल मारतात का?" "काहीच नाही, अप्पा." "मग बुरशी धरत नाही?" "खिडक्या उघड्या ठेवतात, सडका मणी दिसला की काढून टाकतात." "अगं, मग ही आपली बेदाण्याची शेडच की!" हो, पण पुरता बेदाणा होऊ देत नाहीत. सुरकुतले की थंडीत चुरडतात, रस सावकाश आंबतो, साखर जवळजवळ संपते आणि मग वाइन लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरते. म्हणून ती गोड न लागता जड, कडसर लागते. तुम्ही ग्लास नाकाशी नेलात आणि हसलात. "आता प्याल हो!" आई ओट्यापासून ओरडली. मला वाटलं, जिंकले मी.

आणि रविवारी काय केलंत? ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी आपली मराठी मंडळी डबे घेऊन जमली होती. कुणाच्या तरी पाहुण्यांनी सहज विचारलं, मुलगी काय करते? माझ्यादेखत, पापणीही न लवता, तुम्ही म्हणालात, "बँकेत आहे. मोठ्या हुद्द्यावर." तिथल्या निम्म्या लोकांना माझं काम माहीत होतं, अप्पा! सगळे एकदम थर्मासमधला चहा ओतण्यात गुंतले. शरमेनं माझी मान वर होईना. टॅक्सीत मी भांडले, तर म्हणालात, "धाकटीचं लग्न व्हायचंय. थोरली दारू विकते म्हणून सांगू?"

बरं, तेही गिळलं असतं. पण पुढच्याच हंगामात तुम्ही वायनरीशी करार केलात आणि गावभर पेढे वाटलेत! कमाल आहे तुमची. तुमची द्राक्षं वाइनला गेली की प्रगती, आणि मी वाइन विकली की दारू? फोनवर हे विचारलं, तर तुम्ही फोन आईकडे दिलात. धाकटीचं लग्न झालं, तिला मूल झालं, तरी गावात मी बँकेतच. एकदा, कुणापाशी तरी, तुम्ही म्हणायचं होतं की माझ्या मुलीला द्राक्षातलं कळतं. एवढंच हवं होतं मला. तेवढंही जिवावर आलं तुमच्या.

हे सगळं तोंडावर बोलायला हवं होतं. आता लिहून कुठे धाडणार, फाडूनच टाकेन.

तुमच्या तेराव्याला मांडवात बसले होते. तुमचे बाजार समितीतले स्नेही शेजारी येऊन बसले. डोळे पुसत म्हणाले, "अप्पा फार अभिमानानं सांगायचे तुझं. बँकेत ना तू?" अडवायला कुणी नव्हतं. खरं सांगून टाकायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती. मी म्हणाले, "हो, काका." गेल्यावर तुम्हाला कुणी खोटारडं म्हणू नये, एवढ्यासाठी.