डाव्या चाकाचा ब्रेक

३ मार्च, रविवार
ब्रेक दाबला की गाडी किंचाळते, असं ही कधीपासून म्हणते आहे. किंचाळत वगैरे नाही. शीळ घालते. जुन्या गाड्यांना स्वभाव असतो. तरी घरात शांतता हवी, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलणार आहे. गॅरेजवाले लोकांना घाबरवून पोट भरतात. मी घाबरत नाही.
व्हिडिओ पाहिला. मधे जरा डोळा लागला, पण शेवट पाहिला. शेवटी गाडी उत्तम थांबते.

५ मार्च, मंगळवार
पॅड आणले. गाडी कोणत्या सालची, असं दुकानदाराने विचारलं. अंदाजाने सांगितलं. घरी आल्यावर पॅड मोठे निघाले. हल्ली कंपन्या मापं पाळत नाहीत.

६ मार्च, बुधवार
बदलून आणले. दुकानदार हसला. हसतमुख माणूस आहे.

१० मार्च, रविवार, सकाळी
शुभारंभ. जुना शर्ट घातला. ही म्हणाली, जुना कोणता ते आधी मला विचारायचं होतंत.

त्याच दिवशी, दुपारी
गाडी जॅकवर चढवली. नट निघेनात. पाना फिरवला की चाकच फिरतं. शेजारच्या पेन्शनर काकांना आम्ही घरात सूचनापेटी म्हणतो. ते कुंपणावरून म्हणाले, नट आधी सैल करायचे असतात, मग जॅक. म्हणालो, माहीत आहे. मग गाडी खाली घेतली, पण ती पाठ मोकळी करायची होती म्हणून. गाडी खाली होतीच, तर नटही सैल केले.

संध्याकाळी
डावं चाक निघालं. मुख्य काम झालं. उरलेलं पुढच्या रविवारी. आठवडाभर सगळ्यांनी बसने जावं, प्रकृतीला चांगलं असतं. हे ऐकून हिने माझ्याकडे जसं पाहिलं, ते हसूच होतं असं मी धरून चाललो आहे.

१७ मार्च, रविवार
डावं चाक पूर्ण. पॅडला एक बाजू खरखरीत आणि एक बाजू गुळगुळीत पत्र्याची. चाकामागच्या लोखंडी चकतीवर, म्हणजे डिस्कवर, घासायला गुळगुळीत बरी, हे शेंबडं पोरही सांगेल. तशीच बसवली. व्हिडिओत याबद्दल काहीतरी होतं, पण त्या भागात मी डोळे मिटून विचार करत होतो.
उठताना कमरेत उसण भरली. मुलगी म्हणाली, बाबा, उजवं मी करू का? कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला अनुभव मिळावा म्हणून परवानगी दिली. जेवून बसली आणि चहाच्या आत संपवलंसुद्धा. ही घाई मला पसंत नाही. या पिढीला कामाचं गांभीर्य नाही.

१८ मार्च, सोमवार
गाडी रस्त्यावर. शीळ गायब. डावीकडून मात्र तारेच्या घासणीने पातेलं घासल्यासारखा आवाज येतो. पॅड रुळत असणार. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते. उजवं चाक मुलीने केलं आहे. अधिक लिहीत नाही.

२० मार्च, बुधवार
मुलीला सौम्य शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, बाबा, उजवीकडे ओढते म्हणजे उजवा ब्रेक लागतोय आणि तुझा लागत नाहीये. मी म्हणालो, तुझा ब्रेक अतिउत्साही आहे, त्याला संयम शिकवायला हवा. तिला डावं चाक उघडून बघायचं होतं. साफ नाही म्हणालो. केलेलं काम उकरून काढायची या घरात पद्धत नाही.
ही म्हणाली, नाचता येईना तर लोक अंगण वाकडं म्हणतात. तुम्ही पोरीलाच वाकडं म्हणता. या गाडीत आम्ही दोघी बसणार नाही.
माझी आई म्हणाली, मी बसेन. निदान आईला माणसाची पारख आहे.

२२ मार्च, शुक्रवार
आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम.
येताना आमच्या गल्लीत एक बाई सायकल घेऊन अचानक समोर. (अचानक म्हणजे घंटी वाजवत.) ब्रेक दाबला. गाडी जिवाच्या आकांताने उजवीकडे वळली आणि सूचनापेटींच्या कुंपणात शिरली. बाई बचावल्या. आईचं कपाळ माझ्या सीटवर आपटलं. मोठं टेंगूळ.
कुंपण रस्त्याला फार जवळ होतं, असं मी काकांच्या कानावर घातलं. त्यांनी प्रथमच काही सूचना केली नाही. फळ्या गोळा करत राहिले.
घरात येईपर्यंत आईचा हात धरला होता. आधार म्हणून. तिला खुर्चीत बसवून हात सोडला, तेव्हा कळलं की आधार तिने मला दिला होता.
सायकलला आरसा सक्तीचा करायला हवा.

२३ मार्च, शनिवार
मुलगी आजीच्या कपाळाला बर्फ लावत बसली. दुपारी आईने हात पुढे केला आणि म्हणाली, किल्ली दे. लहानपणी लपवलेली काडेपेटी द्यायचो तशी दिली. तिने ती नातीला दिली.

२४ मार्च, रविवार
मुलीने डावं चाक उघडलं. डिस्कवर खोल चरे. पॅड उलटे बसवले होते. खरखरीत बाजूच डिस्कवर घासायची असते म्हणे, पत्र्याने गाडी थांबत नाही. म्हणालो, मग कंपनीने तसं लिहायला नको? तिने पॅड माझ्यासमोर धरला. लिहिलेलं होतं. बाणही होता.
आता डिस्कही नवी घालावी लागणार. हिने विचारलं, गॅरेजला द्यायची का? विचारलं मुलीला. मुलगी म्हणाली, नको, मी करते, आणि जाऊन डिस्क घेऊन आली. आई टेंगूळ घेऊन शेजारी खुर्ची टाकून बसली. ही तिच्या हातात एकेक पाना देत होती. सूचनापेटींनी स्वतःचं स्टूल पाठवलं.
जबाबदार माणूस हजर हवा, म्हणून मी टॉर्च धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, बाबा, उजेड चाकावर पाड, माझ्या डोळ्यांत नको. नंतर पुन्हा म्हणाली. मग तिने टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि दातांत धरला. काम झटपट होऊ लागलं.
हात रिकामे होते, म्हणून आत येऊन हे लिहितो आहे.