एकादशीआधीचं बोर

माय,

आज तुझ्या पणतीनं हिरवंकच्चं बोर तोंडात टाकलं आणि माझा हात आपसूक उठला. "काहून तोडलं वं? एकादशी झाली काय?" असं मीच बोलले! एवढी म्हातारी झाले, अन् तोंडातून निघालं तुझंच बोलणं. पोट्टी माझ्याकडे बघतच राहिली. तिला कुठली एकादशी ठाऊक?

बोरी अरब गावातल्या आपल्या घरापुढचं ते बोरीचं झाड मला अजून दिसते. त्याच्या बुंध्याला तू चुना अन् गेरू लावायचीस. काटेरी झाडाला कसली शोभा, म्हणून बा हसायचा. आधी कार्तिकी एकादशीला तुळशीपुढं बोर ठेवल्याशिवाय आपल्यात कोणी बोर तोंडाला लावत नसे. मग छप्पन साली आपण नागपूरहून धम्म घेऊन आलो, बानं घरातले देव नदीत सोडले. वस्तीत जो तो दुसऱ्याच्या घरावर डोळा ठेवून होता, की कोणी जुनं धरून तर नाही ना.

आठच दिवसांत मी कच्चं बोर तोडलं. तू पाठीत धपाटा घातलास. "एकादशी झाली काय वं?" म्हणालीस अन् स्वतःच जीभ चावलीस. मग मला जवळ ओढून म्हणालीस, "कच्चं हाये ते, बाई. गेल्या साली अशीच खाल्ली अन् महिनाभर खोकलत होती तू."

पण मला धपाट्याचा राग. संध्याकाळी बा ओट्यावर चार माणसांत बसला होता, तिथं जाऊन मी सांगितलं, "माय म्हन्ते, एकादशीच्या आंधी बोर खाचं नाही." सगळ्यांनी बाकडे पाहिलं. बा तुला म्हणाला, "तोंडानं धम्म घेतला तुनं, मनानं नाही घेतला." तू दारात उभी होतीस. खोकल्याचं एक वाक्य बोलली असतीस तर सुटली असतीस, पण मग चारचौघांत मी लबाड ठरले असते. माझ्याकडे एकदा पाहिलंस अन् आत गेलीस.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली सगळी पोरं बोलावून तू झाड हलवलंस. "खा रे, कोनाचीच वाट नका पाहू." सगळ्यांदेखत एक कच्चं बोर तूही खाल्लंस, तोंड वाकडं न करता. माझ्या ओंजळीत मात्र शोधून शोधून पिकलेली तेवढी टाकलीस. किती गोड होती ती! एक खाल्लं अन् बाकीची मी पोरांत वाटून टाकली.

हा कागद पाठवू कुठं? पिठाच्या डब्याखाली ठेवून देते. खोकल्याचं मी बाला शेवटपर्यंत सांगितलं नाही, माय. तो मरेस्तोवर तुला "आमची एकादशी" म्हणून चिडवायचा. तू हसायचीस, अन् मीपण हसायची.