तंबूत न्यायचा बंब

१ डिसेंबर, सोमवार
लोणावळ्यात थंडी उतरली. शकूला रात्रभर धाप. सकाळी चहा घेताना म्हणाली, एकदा धरणाच्या काठावर रात्र काढायचीय. तिचं माहेर तिथंच, पाण्याखाली. यंदाच का, ते तिनं सांगितलं नाही.
डॉक्टर : गारवा नको, धूर तर नकोच.
तिचा भाचा दत्ता त्याच काठावर तंबू भाड्यानं देतो. फोन केला. "मामा, तंबूत चूल न्हाई लावत कुनी. पर आत्या येनार आसंल तर बगू कायतरी."
म्हणजे धुराड्याची शेगडी. धूर बाहेर, ऊब आत.

५ डिसेंबर, शुक्रवार
वडगावला पत्रेवाल्याकडे. पातळ पत्र्याची शेगडी हलकी, पण विझली की लगेच गार. जाड लोखंडी पहाटेपर्यंत ऊब धरील, पण उतारावरून नेणार कोण? हिला हात लाव, तिला लाव. शेवटी तोच कंटाळला. "काका, घरात बंब आसंल की. धुराडं हाये, ऊब हाये, वर आंगूळ फुकट."
दुकानात हशा. मीही हसलो. गाडीत बसल्यावर मात्र वाटलं, खरंच की.

६ डिसेंबर
माळ्यावरून बंब काढला. तांब्याचा. शकूच्या वडिलांनी लग्नात दिलेला, गाव उठायच्या आधी. म्हणजे त्या गावातलं आता एवढंच वर उरलंय. शकू बसल्या बसल्या चिंचेनं घासत राहिली.
"हाही येतोय माहेरी," म्हणाली. हसली, मग खोकला.
ठरलं. बंबच.

१४ डिसेंबर, रविवार
लिहवत नाही.
दत्तानं सकाळी येऊन आमच्या परसात तंबू ठोकून दिला, आधी करून बघायला. बंब आत, धुराडं कापडाबाहेर. ढलप्या घातल्या, पेटवलं. जाळ धरला तशी चौथीच्या पुस्तकातली शेकोटीची कविता आठवली. बाकावर उभं राहून म्हणायचो. शेवटचं कडवं काही येईना. तेच शोधत बसलो, आणि खालून सांध्यांचा डाख वितळून टपटप गळायला लागला.
बंबात पाणीच नव्हतं.
इतकी वर्षं रोज पहाटे पाणी ती भरायची, जाळ मी घालायचो. आज मी माझं काम केलं.
खिडकीतून तिनं विचारलं, "पाणी घातलं होतंत ना?" मी जळत्या ढलप्या बाहेर ओढत राहिलो. तिनं खिडकी लावून घेतली.

१६ डिसेंबर
बंब वडगावला. पत्रेवाला या वेळी हसला नाही. डाख लावतो म्हणाला, टिकेल असं सांगत नाही. जाड शेगडी अजून दारातच होती. घेऊ का? परत आलो.

२२ डिसेंबर, सोमवार
शकूला आता घरीच ऑक्सिजनचं यंत्र. डॉक्टरांनी बजावलं, ज्या खोलीत हे, तिथं काडीसुद्धा पेटवायची नाही. पातळ काय, जाड काय, दोन्ही शेगड्या संपल्या.
तिला सांगितलं नाही. पण ऐकलं होतं तिनं. संध्याकाळी थांबत थांबत म्हणाली, "बाहेर पेटवा. पाणी कढलं की निखारे झाडा. मग नुसता पाण्याचा बंब आत आणा. पहाटेपर्यंत कोमट राहतं. मला माहितीय ना."
मला कसं सुचलं नाही.
कवितेचं शेवटचं कडवं विचारलं. तिला येतं. काठावर म्हणेन, म्हणाली.

४ जानेवारी, रविवार
काल बंब डाख लावून आला. दत्ताचाही फोन. "यंत्राला लाईट हाय, वायर वढतो तंबूपातूर. कवा येताय तेवडं सांगा." थंडी सरेपर्यंत थांबून चालणार नाही, हे त्यालाही कळतंय.
आज बंबाखाली वर्तमानपत्र पसरलं. बादली उचलली तर शकू पलंगावरून म्हणाली, "थांबा. ते माझं काम."
नाकातली नळी सांभाळत आली. खुर्चीवर बसून एक तांब्या ओतला. दम खाल्ला. दुसरा. तिसऱ्याला मी तांब्याला खालून आधार दिला.
आता निजलीय. दत्ताला कळवायचंय. मी बंबाशी बसलोय, दर थोड्या वेळानं कागदावर हात फिरवतो.
अजून कोरडा आहे.