फक्त ही एक टेस्ट

१ जून, रविवार

पोचलो एकदाच्या! निघताना मकरंदनं ही डायरी हातात दिली आणि म्हणाला, रोज फोनवर तासभर माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिहीत जा. घ्या! नवरा पुण्यात, मी आणि लेक बंगळुरूत, आणि बोलायला ही वही. असो. वही निदान मधेच जांभया देत नाही.

घर झकास आहे. एचएसआर लेआउटमधली आतली गल्ली, दारात करंजाचं झाड. तळमजल्यावर गाड्या, पहिल्या मजल्यावर अभ्यासिका आणि त्याच्या वर आमच्या दोन खोल्या. रिक्षावाल्यानं मीटरवर ‘स्वल्प’ जास्त मागितलं. त्याचं स्वल्प आपल्या भरपूरपेक्षा मोठं निघालं!

अभ्यासिका कोरियन मुलांची आहे. त्यांचे वडील बोम्मसंद्र्याकडच्या कारखान्यांत मोठ्या हुद्द्यांवर असतात. शाळा सुटली की मुलं घरी जायच्या ऐवजी इथे येतात आणि पुन्हा अभ्यासाला बसतात. तिकडे ही रीतच आहे म्हणे. पुढे कधीतरी मायदेशी जाऊन विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यायची आणि ती हुकली तर जन्म हुकला, असं त्यांच्या आयांना वाटतं. मी त्यांना इंग्रजीतून गणित शिकवायचं. अभ्यासिका चालवणाऱ्या ह्वांग बाई साठीच्या असाव्यात. नीटनेटक्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. इथे इतकी वर्षं काढलीत की वॉचमनशी बोलताना कानडीत ‘सरी, सरी’, म्हणजे बरं, बरं, करतात.

आणि मुख्य म्हणजे त्या मुलांबरोबर माझ्या आर्यालाही बसायला मिळणार. ही अट मीच घातली. बाईसाहेब सहावीत गणितात काठावर पास! मी सगळ्या पेठांतल्या पोरांना वर काढलं आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार. बुद्धी आहे, नाही असं नाही. पण एका जागी बूड टेकेल तर शपथ. जेवतानासुद्धा पाय झुलत असतात. सामान उघडायच्या आत खाली जाऊन गल्लीतल्या कुत्र्याचं नाव ‘भजी’ ठेवून आली.

३ जून, मंगळवार

पहिला वर्ग झाला. देव पावला! पुण्यातल्या क्लासमध्ये फळ्याकडे तोंड वळलं की मागे बाजार भरायचा. इथे टाचणी पडली तर दचकायला होईल. प्रत्येकाच्या टेबलाला तीन बाजूंनी फळ्या, म्हणजे शेजारी दिसायला नको. खुर्च्या मात्र जुन्या, काळ्या लाकडाच्या, इतक्या जड की सरकत नाहीत. बाईंनी त्या मुद्दाम तिकडून जहाजानं आणवल्या. चपला-बूट दाराशी रॅकमध्ये ओळीनं ठेवलेले.

से-रिन नावाची तेरा वर्षांची मुलगी फार तल्लख आहे. उदाहरण फळ्यावर पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार. पण मान वर करत नाही. कोणीच करत नाही. ह्वांग बाई म्हणाल्या, आमच्याकडे म्हण आहे, अभ्यास डोक्यानं होत नाही, बसकणीनं होतो. मी मनापासून टाळी दिली असती, पण त्या टाळी देणाऱ्यांतल्या वाटल्या नाहीत.

एक खुर्ची रिकामी होती, ती आर्याला मिळाली. बसल्या बसल्या तिनं पाय झुलवायला सुरुवात केली.

७ जून, शनिवार

दर शनिवारी टेस्ट असते. टेस्टच्या आधी सगळ्या आया आल्या आणि आपापल्या मुलाला हातानं एक गोड तुकडा भरवून गेल्या. तांदूळ आणि सातूपासून करतात, आपल्या चिक्कीच्या पाकासारखा दिसतो. पण चिकटपणा असा की दातांना धरून बसतो. शिकलेलं चिकटून राहावं म्हणून परीक्षेआधी तो द्यायचा, आणि समुद्री शेवाळाचं सूप द्यायचं नाही, कारण ते बुळबुळीत. तो तुकडा आईनंच भरवायचा, दुसऱ्या कोणी भरवून चालत नाही. ह्वांग बाई प्रत्येक खुर्चीच्या पाठीलाही थोडा पाक लावतात. मला गंमत वाटली. आपण नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतो, त्यातलाच प्रकार.

मी आपली आपल्या रीतीनं दहीसाखरेची वाटी घेऊन गेले आणि आर्याच्या तळहातावर चमचाभर घातलं. ह्वांग बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वाटी उचलून नेली, गरम पाणी आणून स्वतः पोरीचा हात धुतला, पुसला. म्हणाल्या, असला निसरडा पदार्थ या खोलीत पुन्हा आणू नका, धरलेलं सगळं सुटून जाईल. मी हसले. एवढंसं दही ते काय!

एक मात्र झालं. दही पाहून से-रिननं मान वर केली. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. फार फिकट आहे पोर.

आर्या टेस्टमध्ये सतरा वेळा उठली. शेवटून पहिली आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ जून, गुरुवार

संध्याकाळी आया डबे आणि धुतलेले कपडे घेऊन येतात, वाकून नमस्कार करतात आणि गाडीत बसून जातात. मुलं त्यांच्याबरोबर जात नाहीत. मागाहून ड्रायव्हर नेत असतील.

रॅकमधल्या बुटांवर धूळ साचली आहे. झाडणाऱ्या बाईला सांगायला हवं.

आर्या म्हणत होती, से-रिननं तिला विचारलं, शाळेला सुट्टी लागली का गं? मी म्हटलं, चेष्टा केली असेल. आर्या म्हणाली, नाही आई, तिला खरंच माहीत नव्हतं. मग रडायला लागली, मला तिथे बसायचं नाही म्हणून. मी समजूत घातली. म्हटलं, फक्त ही एक टेस्ट दे, मग तुला हवं ते कर.

१४ जून, शनिवार

आज मी त्यांच्या रीतीनं केलं. तो गोड तुकडा माझ्या हातानं आर्याला भरवला. तिनं तोंड वळवलं, तेव्हा गाल धरून भरवला.

आणि माझी भिंगरी टेस्ट संपेपर्यंत जागची हलली नाही! चौथी आली! मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. मकरंदला फोन केला तर तो म्हणतो, पेपर सोपा असेल. मेला कुठला.

१८ जून, बुधवार

आर्या आता इथल्या नव्या शाळेलाही नको म्हणते, थेट खाली जाऊन बसते. शाळेत ताप असल्याचं कळवलं. खोटं बोलले, पण शाळेत जे शिकवतात ते हिला आता बाळबोध वाटतं. जेवायला वर येत नाही, म्हणून ताट खाली नेलं. भजी फाटकाशी बसून वर बघत असतो. तिनं खिडकीतून एकदाही डोकावलं नाही.

तिचे पाय झुलायचे थांबलेत.

मला आनंद झाला आहे. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण आज ताट ठेवून निघाले आणि का कोण जाणे, जिन्यातूनच परत जाऊन तिच्या पायांकडे बघून आले. पोर सुधारली म्हणून कोणी असं परत बघायला जातं का?

२१ जून, शनिवार

पुन्हा मीच भरवलं. आर्या दुसरी. से-रिन पहिली.

आर्या म्हणाली, आज मी इथेच झोपते. ह्वांग बाई म्हणाल्या, व्यवस्था आहे. मी हो म्हटलं.

२२ जून, रविवार

सकाळी तिचे कपडे द्यायला खाली गेले. रविवार, सुट्टीचा दिवस. दिवे चालू होते. सगळी मुलं आपापल्या जागी होती, कालच्याच कपड्यांत, कालच्याच वह्यांवर. आर्यासुद्धा. खोलीभर गादी नाही, चटई नाही.

ही मुलं घरी जातच नाहीत. कधीच जात नाहीत. मला आठ-दहा दिवसांपूर्वीच दिसत होतं. बुटांवरची धूळ दिसत होती. मी बघितलं आणि चौथी आली म्हणून नाचले.

आर्याला उठवायला गेले. काखेत हात घालून उचलू लागले, तर ती खुर्चीपासून तसूभरही सुटेना. कात्रीनं फ्रॉक पाठीमागून कापला. पाठ आणि लाकूड यांच्यात फट नव्हती. कातडी संपते कुठे आणि लाकूड सुरू होतं कुठे, ते कळेना. आर्या ओरडली नाही. दातओठ खाऊन म्हणाली, ओढू नकोस, सगळं विसरेन.

२४ जून, मंगळवार

से-रिनच्या आईला फाटकाशी गाठलं. हात धरून विचारलं, तुम्हाला माहीत आहे ना? तिनं हात सोडवला नाही. हळूहळू सगळं सांगितलं. तिची लेक दीड वर्षात घरी आलेली नाही. आधी वाटलं एकच महिना, मग एकच सहामाही. उठवता येतं का, विचारलं. म्हणाली, येत असेल, पण एकदा कोणी चिकटलं की ती खुर्ची मग रिकामी राहत नाही. घरातलं दुसरं कोणीतरी बसवावं लागतं. तिला धाकटा मुलगा आहे. तो घरी असतो.

मी म्हटलं, मग तुम्ही बसा ना! आई आहात!

ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून म्हणाली, आता पहिली येते आहे हो ती, आता कसं उठवायचं?

डबा देऊन गेली.

२५ जून

मकरंदला सगळं सांगितलं. विश्वास बसला नाही. व्हिडिओ कॉल करून आर्या दाखवली. तिनं मान वर न करता त्याला कसलंसं सूत्र म्हणून दाखवलं. हा खूश. म्हणाला, केतकी, दगदगीनं तुला भलतंसलतं दिसतंय. शनिवारी रात्री मी येतोच. तोवर पोरीला उठवू नकोस, तिची टेस्ट होऊ दे.

पोलिसांकडे गेले होते. हवालदार वर येऊन बघून गेला. मुलं अभ्यास करत होती. माझ्याकडे बघून हसला. त्याची मुलगी नववीत आहे, इथे घेतील का म्हणून ह्वांग बाईंना विचारत होता.

२६ जून

आर्या पाणी पीत नाही. हात कोपरापर्यंत टेबलाला—

ह्वांग बाईंवर ओरडले. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मी कोणालाच चिकटवलं नाही, भरवलं तुम्ही. खुर्ची फक्त धरते. मग विचारलं, शनिवारचा तुकडा आणून ठेवू ना?

 भरवलं मीच. गाल धरून.

से-रिन कुजबुजली. एकच शब्द, इंग्रजीत. दही.

२७ जून, शुक्रवार

दही आणलं. दुकानातली सगळी पाकिटं. दुपारी ह्वांग बाई बाहेर गेल्या तेव्हा—

आधी आर्याच्या ओठांत घातलं. मग पाठीवर, कोपरांखाली, बोटाबोटांत. ती किंचाळत होती, आई नको, जातंय, सगळं जातंय, अपूर्णांक गेले, पाढे गेले— मी थांबले नाही. सुटली. पाठीची साल तिथेच राहिली पण सुटली, माझ्या कुशीत आली, दह्यानं बरबटलेली. किती हलकी झाली आहे.

आणि सगळ्या मुलांनी माना वर केल्या. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग आर्याकडे. दार उघडेना.

काय करणार. मी बसले. आई आहे.

दार उघडलं. आर्याला म्हटलं, बूट घाल, भजीला घे, दुकानातून बाबाला फोन कर. पळ म्हणजे पळ.

पिशवीतून ही वही काढली, टेबलावरची आर्याची पेन्सिल घेतली. से-रिनला दही द्यायचं राहिलं. हात तिथवर पोचत नाही आता. ती माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघते आहे. तिच्यासाठी कोण बसणार?

२८ जून

आर्या गेली नाही.

दाराशी उभी होती. उरलेलं दही तिनं बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला. से-रिन बघत राहिली.

म्हणते, मी दुसरी होते, आई. आज पहिली आले असते. सगळं तू घालवलंस. आता तू आण पहिला नंबर. तू शिक, आणि मग मला—

पाठ लाकडात— श्वास अर्धाच—

डोक्यात सूत्रं आपोआप येतात. छान येतात. हे सर्वात—

ह्वांग बाईंनी गोड तुकड्याची बशी तिच्या हातात दिली, म्हणाल्या, आता आई तू. मकरंद रात्री येईल. तोही बघेल, म्हणेल होऊ दे—

आर्यानं माझे केस मागे केले. किती मायेनं. मी हात जोडले, म्हणजे जोडायला गेले. तिनं माझा गाल धरला. म्हणते, आई, आ कर. फक्त ही एक टेस्ट, मग तुला हवं ते—

गोड आहे. जीभ टाळूला— पेन्सिल बोटांतून सुटत ना