नकटा राजा

६ मार्च
जहाज लागलं! मामंजी काठी टेकत धक्क्यावर गेले. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी एकटेच. मी येते म्हटलं तर — "गर्दीत तुझं काय काम?" दर वर्षी हेच. परतले ते घामाघूम. कनवटीचं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "बरा आहे. काम भरपूर आहे म्हणे." संपलं! नवरा पाच वर्षं समुद्रापलीकडे सुतारकाम करतोय, आणि वर्षाची बातमी एवढीच. ह्यांना लिहिता येत नाही. दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचं तर बायकोला काय सांगणार? म्हणून नाणं हेच पत्र. सोन्याचं, पण मुकं.

७ मार्च
एकटीच जेवले. मामंजी आधी जेवतात, मी मागून, स्वयंपाकघरात. भिंतीशी बोलायची सवय लागली आहे. भिंत निदान मध्ये तोंड घालत नाही.
दादाचा पुन्हा निरोप — "तिथं कुणासाठी बसली आहेस? ये निघून." कुणासाठी म्हणजे? नाणं येतंय ना! ज्याचं नाणं येतं त्याला सोडून कशी जाऊ? फार एकटं वाटतं, ते मात्र दादाला कळवणार नाही.

९ मार्च
वाणी आज वसकन अंगावर आला. "तेलाला सोन्याचं नाणं घेऊन येता? ह्याची मोड द्यायला मला दुकान विकावं लागेल!" खरंच आहे त्याचं. सोन्याचं नाणं म्हणजे घरी आलेला बडा पाहुणा — मिरवायला छान, कामाला शून्य. जमीन घ्यायची, सारा भरायचा, जहाजाचा माल उचलायचा, तर सोनं. तेल, मीठ, जळण सगळं तांब्या-चांदीवर. म्हणजे सराफाची पायरी चढणं आलंच. तो आधी दगडावर आपटून नाद ऐकणार, मग काट्यात घालणार, मग "झिजलंय" म्हणून बट्टा कापणार. झिजणारच! किती हातांतून गेलं असेल. काही महाभाग तर कानशीनं कडा खरवडतात, भुकटी घरी ठेवतात आणि नाणं पुढे ढकलतात.

गेल्या वर्षीची गंमत आठवली. आत तांबं तर नाही ना, हे बघायला सराफानं नाण्यावर छिन्नीचा टोचा मारला. छिन्नी घसरली ती थेट राजाच्या नाकावर! "अहो, राजाचंच नाक कापलंत की!" म्हटलं मी. तो शांतपणे म्हणाला, "हा राजा मरून जमाना झाला, बाई. नाणं चालतंच आहे. सोनं तोंड बघून घेत नाहीत, वजन बघून घेतात." किती दिवसांनी हसले होते तेव्हा.

१० मार्च
नाणं पुसून उजेडात धरलं. राजाला नाक नाही.

११ मार्च
काल पुढे लिहवलं नाही. तेच नाणं. तोच तिरपा घाव.
पण नाणं काय, फिरतंच! सराफाकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून जहाजावर, तिथून पलीकडच्या बंदरात, आणि मजुरी म्हणून ह्यांच्या हातात. का नाही? मी मोडलेलं नाणं अख्खा समुद्र ओलांडून ह्यांच्याकडे गेलं. ह्यांनी त्या घावावर अंगठा फिरवला असेल! दिवसभर मी गुणगुणत होते. मामंजी दोनदा माझ्याकडे वळून बघत राहिले.

१२ मार्च
राहवेना. सराफाला विचारलंच. "ते नकटं होय? वर्षभर पडून होतं माझ्याकडे. जहाज लागलं त्या दिवशी तुमच्या सासऱ्यांनी नेलं. चांदी मोजून. कुणी हात लावत नव्हतं, म्हणून थोडं स्वस्तात दिलं."
घरी आले. मामंजींच्या हत्यारांची भिंत बघितली. जन्मभर सुतारकी केली त्यांनी, सगळी हत्यारं खिळ्यांवर ओळीनं असायची. पटाशा आधीच गेलेल्या. मोठी करवत गेल्या वर्षी "उसनी दिली" होती. आता रंध्याचाही खिळा रिकामा. डोळे धड असते तर त्यांनी ते नाक पाहिलं असतं.

१३ मार्च
म्हणजे हे काहीच पाठवत नाहीत! मेल्यानं तिकडे दुसरा संसार थाटला असणार. आणि बाप इकडे हत्यारं विकून लेकाची अब्रू झाकतोय. मी वेडी नाण्याला पत्र समजत बसले. रडले. मग दादाकडे जायचं ठरवलं, ट्रंकेत कपडे भरले.
दारात आले तर मामंजी उन्हात बसलेले. मांडीवर एक फळी. रिकाम्या मुठीनं तिच्यावर रंधा मारत होते — पुढे, मागे, पुढे, मागे.
कपडे परत काढून ठेवले.

१५ मार्च
नाणं मोडलं. सराफानं पुन्हा बट्टा कापला, लबाड! जुन्या हत्यारांच्या दुकानातून रंधा विकत आणला, खिळ्यावर टांगला. तेलाचं पुढे बघू.

१६ मार्च
मामंजींचा हात भिंत चाचपताना रंध्याला लागला. खिळ्यावरून काढून त्यांनी पात्यावर अंगठा फिरवला. "तो तापानं गेला, पोरी. दोन वर्षं झाली. खलाशानं धक्क्यावर सांगितलं. तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मग मी कुणाकडे बघून जगलो असतो?"
"ठाऊक होतं मला," म्हटलं मी.
नव्हतं ठाऊक.