अतिदक्षता कक्षातील कपाटास कुलूप न लावण्याबाबत

दिनांक : ९ ऑक्टोबर १९७१, शनिवार

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कै. भागूबाई खेडकर स्मारक रुग्णालय,
अहमदनगर.

विषय : अतिदक्षता कक्षातील नवीन कपाटास दोन कुलपे लावण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपली ज्ञापने, दि. १३ सप्टेंबर व दि. ७ ऑक्टोबर १९७१.

महोदय,

दोन्ही ज्ञापनांचा खुलासा एकाच अर्जात करीत आहे, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे.

१. मी मूळची शनिशिंगणापूरची. आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. कुलूप लावले तर देवाचा कोप होतो, हे लहानपणापासून ऐकत आले. परिचारिकांच्या वसतिगृहातही खोलीचे कुलूप सोबतीणच लावीत असे. आपण मला पुण्यास चार महिन्यांच्या प्रशिक्षणास पाठविले. हृदयाचा आलेख वाचणे, श्वासनलिका साफ करणे, सहा खाटांवर चार परिचारिकांची वाटणी करणे, सारे मी शिकले. किल्ल्या मात्र तिथल्या वयस्क सिस्टर सांभाळीत. तेवढे राहून गेले, आणि परत येताच कक्षाची प्रभारी म्हणून आपण माझ्या हातात पहिली वस्तू दिलीत ती किल्लीच.

२. तीन आठवडे औषधांचे कपाट उघडे राहिले, हा पहिल्या ज्ञापनातील आरोप खरा आहे. त्या काळात एकही इंजेक्शन कमी झाले नाही. तरी ज्ञापन हाती पडताच मी भ्याले. माझ्या नोकरीवर म्हातारी आई आहे. त्या दिवसापासून कुलूप लावून ते तीनतीनदा ओढून पाहू लागले. रजेत गावी गेले तेव्हा आईला, दगडाबाईला, हे सांगितले. ती म्हणाली, “लोकाच्या जिवाला कुलूप लावतीस व्हय गं?” मी तिलाच रागावले. देवाची भीती आणि साहेबांची भीती यांतून मी साहेबांची निवडली, हे लिहिताना लाज वाटते.

३. मंगळवार, दि. ५ रोजी खाट क्रमांक तीनवर कडूबाई नावाची बाई होती. कपाशीवर फवारणी करताना विष अंगात भिनलेली. डॉक्टरसाहेब शस्त्रक्रियेत गुंतले होते. छाती भरून आली की ताबडतोब विषावरचा उतारा, अ‍ॅट्रोपीन, द्यावे, असा त्यांचा लेखी आदेश होता. दुपारी सव्वादोनला तिची छाती भरली, तोंडाला फेस आला, ओठ निळे पडले. मी कपाटाकडे धावले. घाईत किल्ली उलटी फिरवली, वर जोर केला, आणि ती कुलपातच मोडली. कपाटाला काच होती. काचेमागे अ‍ॅट्रोपीनची पेटी स्वच्छ दिसत होती. कडूबाईचे यजमान, श्रीमंत नावाचे, माझ्या पाठीमागे येऊन म्हणाले, “बाई, औशद तर ह्ये समोर दिसतंय. मग देत का न्हाई?” मी स्टीलचा ट्रे उचलला आणि काच फोडली. तोवर चार मिनिटे गेली होती. कडूबाई वाचली. काल तिने भाकरी मागितली. दुसऱ्या ज्ञापनात विचारलेल्या, रुग्णालयाच्या मालमत्तेच्या नुकसानीबाबत माझा खुलासा एवढाच.

४. आता पत्र्याचे कपाट आले आहे. त्यास दोन कुलपे लावावीत, एक किल्ली माझ्याकडे व एक आपल्याकडे राहावी, असा त्याच ज्ञापनात आदेश आहे. साहेब, मंगळवारी सव्वादोनला आपण जामखेडच्या शिबिरात होतात. पुढच्या मंगळवारीही असाल. पत्र्यावर ट्रे आपटून फक्त आवाज होईल.

५. सिस्टर हसीना हिला कक्ष सांभाळण्यासाठी मी तयार करावे, असेही आपण सांगितले आहे. पोरगी हुशार आहे. काल आदेश वाचून तिने विचारले, “बाई, पेशंट निळा पडला तर आधी नाडी बघायची, की जामखेडची एस्टी गाठायची?” मी हसले. मग चादरींच्या खोलीत जाऊन रडले.

६. म्हणून हात जोडून विनंती की, जीव वाचविणाऱ्या औषधांना कुलूप नसावे. पाळी बदलताना जाणारी व येणारी अशा दोघींनी ती मोजून सह्या कराव्यात. नशेसाठी चोरीला जाऊ शकणारे मॉर्फिन मात्र मी आजच मेट्रनबाईंच्या कुलपात देऊन त्यांची सही घेतली आहे. हे मान्य नसेल तर माझे प्रभारीपद काढून घ्यावे, मी खाटेशी उभी राहून काम करीन. मी मुळात भित्री बाई आहे. हा अर्ज वाचून आपण मला कामावरून काढाल, अशीही धास्ती आहे. पण मंगळवारपासून मला आपल्यापेक्षा त्या चार मिनिटांची भीती जास्त वाटते.

आपली नम्र, आणि खरोखर भ्यालेली,

छबूबाई गोरक्षनाथ शेटे
प्रभारी परिचारिका, अतिदक्षता कक्ष

सोबत :
१. दोन्ही ज्ञापनांच्या प्रती.
२. मोडलेल्या किल्लीचा तुकडा.
३. नवीन कपाटाची दोन कुलपे, एकमेकांत अडकवून बंद केलेली. दोन्ही किल्ल्यांसह.