जागा विचारू नकोस

वारेनाजवळून, सप्टेंबरअखेर

प्रिय आई, दोन्ही गालांचा पापा.

तू पाठवलेले लोकरी मोजे पोचले. पाय उबदार आहेत आणि शाळेतली मुलंही आता माझं ऐकतात. बाबांचा खोकला थांबला का?

गेल्या शनिवारी मी एकटीच रानात जाऊन टोपलीभर अळंब्या आणल्या. माझ्या घरमालकीण तेओफिले आजींनी त्यातली एक हिरवट टोपीची उचलली. "देठ वरूनच कापलेस, बूड राहिलं मातीत. विषारी असली की बुडाशी पांढरी पिशवी असते. आता काय तुझ्या तोंडाकडे बघून ओळखू?" असं म्हणून त्यांनी सगळी टोपली खड्ड्यात ओतली. मी रडले. घाबरू नकोस, एकही खाल्ली नव्हती.

रविवारी सकाळी त्यांनीच दार ठोठावलं. इथे आपली अळंब्यांची जागा कुणी सख्ख्या बहिणीलाही दाखवत नाही, आणि आजी मला तिथे घेऊन गेल्या. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. ओंडक्यावर बसून त्या काठीने दाखवायच्या, मी बुडासकट उपटायची.

"वाट नीट बघून ठेव," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मला जमेल न जमेल."

परतताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. आई, त्या दिवसापासून मला इथे परकं वाटत नाही.

सोबत वाळवलेल्या अळंब्यांची माळ आहे. आजींनी एकेक तपासली आहे, निर्धास्त खा. फक्त कुठे मिळाल्या ते विचारू नकोस. तुलाही सांगणार नाही, असा शब्द दिलाय मी.

तुझीच,
गिएद्रे